एकटीने जा, पण बेपत्ता होऊ नका

प्रश्न : मी चव्वेचाळीस वर्षांची असून गेली चौदा वर्षे कॅलिफोर्नियात राहते. मैत्रिणींच्या गटाबरोबर डोंगरवाटा चालण्याची मला सवय आहे. दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतात. मात्र तंबूत एकटीने रात्र कधी काढलेली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात तीन रात्री एकटीने राहावे, असे मनात आहे. घरात दिवसभर कुणी ना कुणी काही तरी विचारत असते. तीन दिवस कुणी काहीही विचारू नये, एवढीच इच्छा आहे. म्हणून फोन बंद ठेवायचा, कुठे मुक्काम करणार आणि कुठल्या वाटेने चालणार हे कुणालाही सांगायचे नाही, मनाला येईल तसे खडकांमधून भटकायचे, असे मी ठरवले आहे. पतींचा विरोध नाही, पण ते काळजीत आहेत. बहीण तर रोज फोन करून "हे काय नवीन खूळ" म्हणते. वाळवंटात एकट्या बाईने राहणे सुरक्षित आहे का? पाणी किती न्यावे? आणि रात्री भीती वाटली तर काय करावे?

उत्तर : तुम्ही जरूर जा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या सूचना वाचून माझा या बेताला विरोध आहे असा तुमचा समज व्हायला नको, आणि हे उत्तर तुमच्या बहिणीच्या हाती पडले तर तिला आयते निमित्त मिळायलाही नको. दहा-बारा किलोमीटर चालण्याची सवय असलेल्या, धडधाकट आणि स्वतः गाडी चालवणाऱ्या माणसाला नोव्हेंबरमधले जोशुआ ट्री झेपण्यासारखे आहे. उन्हाळ्यात तिथला पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो; त्या दिवसांत हाच बेत आखला असता तर मी सरळ नाही म्हटले असते. राहिला खुळाचा प्रश्न. पॅसाडेनाच्या मिनर्व्हा हॉइट या बाईंचा मुलगा आणि पती वारल्यानंतर त्यांना ज्या वाळवंटात दिलासा मिळाला, ते राखले जावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि तिचे फळ म्हणून १९३६ साली हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित झाला. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा त्याला १९९४ साली मिळाला. शांततेच्या ओढीने तिथे जाणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही, एवढे बहिणीला सांगायला हरकत नाही.

तुमच्या बेतातील एकच गोष्ट मला मान्य नाही, आणि ती मात्र मुळीच मान्य नाही. मुक्काम कुठे आणि वाट कुठली हे कुणालाही सांगायचे नाही, असे तुम्ही लिहिले आहे. आपण एकटे असणे आणि आपण कुठे आहोत हे कुणालाच ठाऊक नसणे, या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. तुम्हाला हवी आहे ती पहिली. दुसरीने तुमच्या एकांतात कणभरही भर पडत नाही, कारण घरच्या एका ड्रॉवरमध्ये एक कागद पडून आहे म्हणून वाळवंटात कुणी तुम्हाला हाक मारायला येत नाही. उलट धोका मात्र तिच्यामुळे कित्येक पटींनी वाढतो. वाळवंटात माणसे संकटात सापडतात ती बहुधा साप-विंचवांमुळे नव्हे. घोटा मुरगळतो, वाट चुकते, पाणी संपत येते. बरोबर कुणी असते तर यांपैकी प्रत्येक गोष्ट अर्ध्या दिवसात निस्तरली गेली असती. एकट्या माणसाच्या बाबतीत तीच किरकोळ गोष्ट किती वाढेल, हे त्याचा शोध किती लवकर आणि कुठून सुरू होतो यावर ठरते. हे उद्यान सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या बहुतेक भागात मोबाईलला संपर्क मिळत नाही. इथेच एका दिवसाच्या पायपिटीसाठी एकट्या गेलेल्या एका अनुभवी माणसाचे अवशेष सापडायला अकराहून अधिक वर्षे लागली. विशेष म्हणजे त्याने घरी काहीच सांगितले नव्हते असेही नाही. पण जिथे जाणार म्हणून सांगितले होते तिथे शोध सुरू झाला आणि गाडी सापडली ती दुसऱ्याच वाटेच्या तोंडाशी. म्हणून "जोशुआ ट्रीला चालले आहे" एवढे सांगणे पुरेसे नाही, आणि दहा ठिकाणांची यादी देऊन त्यातले एखादे मनाला येईल तसे निवडणेही पुरेसे नाही.

तेव्हा निघण्याआधी एक कागद लिहून पतींकडे द्या. त्यावर गाडीचा क्रमांक आणि रंग, कॅम्पग्राउंडचे नाव व तुमच्या जागेचा क्रमांक, आणि प्रत्येक दिवसापुढे एकच वाट, निघण्याची व परतण्याची वेळ, एवढेच असू द्या. शेवटी एक वाक्य ठळक लिहा: अमुक दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत माझा फोन आला नाही, तर ९११ ला कळवावे. यावर एकच नियम बांधून घ्या: जी वाट कागदावर नाही ती चालायची नाही. कंटाळा आला, पाय दुखले, तर लिहिलेली वाट अर्ध्यावर सोडून परत यायला तुम्ही मोकळ्या आहात. मात्र तिच्याऐवजी दुसरी निवडायला नाही. या कागदाची एक प्रत गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या काचेमागे दिसेल अशी ठेवू नका, कारण तंबू दिवसभर रिकामा आहे ही बातमी येणाऱ्या-जाणाऱ्याला कळवण्याचे कारण नाही.

इतके करूनही एक भोक उरतेच, आणि बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही. पहिल्याच दिवशी दुपारी पाय मोडला, तर शोध सुरू होणार तिसऱ्या दिवसानंतर. म्हणून रोज एकदा खूण पोहोचण्याची सोय हवी. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे, मुठीत मावणारे यंत्र विकत किंवा भाड्याने मिळते; त्यावर "ठीक आहे" असा ठरलेला संदेश रोज संध्याकाळी एक कळ दाबून पाठवता येतो. समोरून उत्तराची अपेक्षा नाही, असे पतींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुम्हाला हवे असलेले मौनही मोडत नाही आणि त्यांनाही झोप लागते. आयफोन १४ आणि त्यापुढच्या आयफोनमध्ये उपग्रहाद्वारे मदत मागण्याची सोय आहे, पण ती वापरण्यासाठी फोनमध्ये चार्जिंग शिल्लक लागते. तेव्हा फोन बंद ठेवा, घरी ठेवून जाऊ नका, आणि पॉवर बँक जवळ असू द्या. या दोन्ही साधनांना डोक्यावर मोकळे आकाश लागते. दोन उंच खडकांच्या फटीत संदेश अडकून राहतो. उद्यानात मदतीसाठी बसवलेले दूरध्वनीही आहेत, एक हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडजवळच्या इंटरसेक्शन रॉकपाशी आणि दुसरा इंडियन कोव्हच्या रेंजर स्टेशनवर. येताना ते कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहून ठेवा.

आता खडकांमधून मनाला येईल तसे भटकण्याविषयी. मोह मला समजतो. त्या गोल, पिवळसर, एकावर एक रचून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या ग्रॅनाइटच्या राशी माणसाला बोलावतात, आणि दगडाचा पृष्ठभाग इतका खरखरीत असतो की बुटाचा तळ त्याला चिकटून बसतो व चढताना आपण फार तरबेज असल्याचा भास होतो. चढताना डोळे पायांच्या पुढे असतात. उतरताना पाय पुढे आणि डोळे मागे, शिवाय गोलाईमुळे पायाखालची कड दिसतच नाही. चढून गेल्यावर उतरता न येणे हा प्रकार तिथे नेहमीचा आहे. म्हणून दोन हात चढावे, लगेच उतरून पाहावे, आणि उतरणे सोपे वाटले तरच पुढे जावे. एकट्याने तर माणसाच्या उंचीपेक्षा वर जाऊच नये, असे माझे मत आहे. कुणाला ते भित्रेपणाचे वाटले तर वाटो.

भटकण्यातला दुसरा घोळ कोरड्या ओढ्यांचा. वाळवंटात पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा ज्या वाटांनी पाणी वाहून जाते ती वाळूची पात्रे एरवी पायवाटेसारखीच दिसतात, किंबहुना खऱ्या पायवाटेपेक्षा अधिक रुंद आणि स्वच्छ. अशा पात्रातून चढाच्या दिशेने गेलात तर परतताना फाटे एकमेकांना मिळत येतात आणि तुम्ही आपोआप मुख्य पात्रात उतरता. पण उताराच्या दिशेने गेलात, तर जाताना जे फाटे बाजूने येऊन मिळाले आणि लक्षातही आले नाहीत, तेच परतीच्या वेळी एकेक प्रश्न होऊन समोर उभे राहतात. यावर उपाय साधा आहे: प्रत्येक फाट्यापाशी थांबून मागे वळून पाहायचे आणि परतताना हे दृश्य कसे दिसेल ते डोळ्यांत साठवायचे; हवे तर फोन चालू करून एक छायाचित्र घ्यायचे. तंबू तर कोरड्या पात्रात कधीही लावू नये, कारण पाऊस दूरच्या डोंगरावर पडला तरी पाणी तिथपर्यंत धावत येऊ शकते. वाटेवरून बाजूला न होण्याचे आणखी एक कारण आहे. तिथल्या मातीवर काही ठिकाणी सूक्ष्म जीवांचा काळसर, खडबडीत थर असतो. तोच मातीला धरून ठेवतो, आणि एका पावलाने मोडलेला तो थर भरून यायला फार मोठा काळ लागतो.

पहिल्या खेपेला तुम्ही रस्त्यापासून दूर, रानात मुक्काम करू नये. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, सगळे पाणी पाठीवर न्यावे लागते, आणि तंबूतली पहिली एकटी रात्र तिथे काढणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी थेट समुद्रात उडी घेणे आहे. जम्बो रॉक्स कॅम्पग्राउंड घ्या. तिथे १२४ जागा आहेत, खडकांच्या आडोशाने त्या एकमेकींपासून बऱ्यापैकी लपलेल्या असतात, आणि तरीही हाकेच्या अंतरावर माणसे असतात. आरक्षण सहा महिने आधीपासून खुले होते; शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार पाहा. आरक्षण न घेणारी कॅम्पग्राउंडेही आहेत, पण संध्याकाळी जागा शोधत फिरण्याचा ताण पहिल्या खेपेला कशाला?

वाटांबद्दल माझे म्हणणे असे. पोहोचाल त्या दिवशी हिडन व्हॅलीचा दीड किलोमीटरचा फेरा पुरे. तो जिथून सुरू होतो तिथेच संपतो, आणि तुमचे भटकण्याचे समाधानही बरेचसे भागते, कारण चारही बाजूंनी खडकांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रायन माउंटन: जाऊन-येऊन सुमारे ५ किलोमीटर, चढ साधारण ३२० मीटर, वाट स्पष्ट, आणि माथ्यावरून सगळा परिसर एका नजरेत येतो. तिसऱ्या दिवशी, अंगात उत्साह असेल तरच, कॉटनवुडहून लॉस्ट पाम्स ओॲसिस: जाऊन-येऊन सुमारे १२ किलोमीटर. पंख्यासारख्या पानांचे तिथले ताड कुणी लावलेले नाहीत. जमिनीखालचे पाणी जिथे वर येते तिथेच ते उगवतात, आणि इतका वेळ करड्या रंगात चालल्यावर तो हिरवा पुंजका दिसतो तेव्हा चालण्याचे सार्थक होते. शेवटची घळीतली उतरण खडकाळ आहे. एकट्या असाल तर वरूनच पाहा आणि फिरा. ज्या वाटा एका ठिकाणी सुरू होऊन दुसरीकडे संपतात, उदाहरणार्थ १३ किलोमीटरची बॉय स्काउट ट्रेल, त्या एकट्या माणसाच्या कामाच्या नाहीत, कारण गाडी भलत्याच टोकाला राहते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, पाण्याचे, उत्तर जरा सविस्तर देते. जम्बो रॉक्सला पाण्याचा नळ नाही. उद्यानाची सूचना माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, आणि चालणार असाल तर त्याच्या दुप्पट अशी आहे. स्वयंपाक आणि हात धुणे धरून तीन रात्रींसाठी तीस लिटर गाडीत असावे. हे वजन गाडी वाहणार आहे, तुम्ही नाही, तेव्हा इथे काटकसर नको. आणि ते पाणी एकाच कॅनमध्ये भरू नका. एकदा मी मोठ्या हौसेने वीस लिटरचा एकच कॅन घेऊन वाळवंटात गेले होते. रस्त्यातल्या हादऱ्यांनी त्याचे झाकण सैल झाले, आणि मुक्कामी पोहोचून डिकी उघडली तेव्हा गालिचा ओला, स्लीपिंग बॅग ओली आणि कॅनमध्ये चार बोटे पाणी. वाळवंटात पाण्याने भिजलेल्या अंथरुणावर तहानलेले बसण्याइतके हास्यास्पद काही नसेल. तेव्हापासून मी पाच-पाच लिटरचे कॅन नेते आणि ते उभे करून दोरीने बांधते.

गाडीत पाणी असणे वेगळे आणि पाठीवर असणे वेगळे. रायन माउंटनला दोन लिटर, लॉस्ट पाम्सला चार लिटर सॅकमध्ये हवेच. कोरड्या हवेत घाम अंगावर साचत नाही, येतो तसा उडून जातो, त्यामुळे आपल्याला घामच येत नाही असे वाटत राहते आणि शरीरातले पाणी मात्र कमी होत जाते. कपाळावर हात फिरवला की बारीक मिठाची कणी लागते तेव्हा कुठे कळते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहा, आणि त्याबरोबर काही तरी खारट खा, कारण घामावाटे मीठही जाते व नुसतेच पाणी भरमसाट पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरून मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे असा वेगळाच त्रास सुरू होतो. पाणी पुरवून पुरवून, घोट मोजत चालणे ही चुकीची शिस्त आहे. जपून ठेवलेले पाणी बाटलीत असताना माणसे चक्कर येऊन पडली आहेत. खरी शिस्त परतण्याची: सोबतचे निम्मे पाणी संपले की जिथे असाल तिथून मागे फिरायचे, मग ते ताड पुढच्या वळणावर का असेनात. हा नियम घरी, डोके शांत असताना ठरवायचा असतो. उष्म्याचा आणि पाणी कमी पडल्याचा पहिला परिणाम विचारशक्तीवर होतो; दोघे असतील तर एकाचे बिनसल्याचे दुसऱ्याला दिसते, एकट्याचे कुणालाच दिसत नाही, स्वतःलाही नाही.

तिसऱ्या दिवशी कॉटनवुडला जाताना रस्त्यात चोया निवडुंगांची बाग लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात तो निवडुंग इतका मऊ, लोकरीसारखा दिसतो की हात लावावासा वाटतो. लावू नका, आणि खालीही बघून चाला, कारण त्याचे तुटलेले गोळे जमिनीवर पडलेले असतात. काट्यांना उलटे दाते असल्यामुळे नुसता कपडा घासला तरी गोळा अंगाला चिकटतो, आणि तो हाताने काढायला गेलो की हातालाही चिकटतो. यासाठी सॅकच्या बाहेरच्या खिशात एक साधा कंगवा ठेवा. गोळा आणि कातडी यांच्यामध्ये कंगव्याचे दात सरकवायचे, आणि एका झटक्याने तो अंगापासून दूर उडवायचा. मागे राहिलेले काटे मग चिमट्याने काढायचे. इतके महागडे सामान नेऊनही ऐन वेळी उपयोगाला आला तो हा कंगवा, असे सांगणारे अनेक भेटतात. सापांबद्दल एवढेच, की जिथे डोळ्यांना दिसत नाही अशा फटीत हात-पाय घालू नयेत, आणि सकाळी बूट झटकून घालावेत. जुन्या खाणींची तोंडे दिसली तर आत डोकावू नये.

दिवसा पंचविशीच्या घरात असलेला पारा रात्री पाच-सहा अंशांवर, कधी त्याहून खाली उतरतो. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाहीत, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच भराभर उष्णता सोडून देते. स्लीपिंग बॅग शून्य अंशाला चालेल अशी घ्या, पण त्याहून महत्त्वाची खालची चटई आहे, कारण थंडी खालून चढते आणि बॅगेचा अंगाखाली दबलेला भाग काही कामाचा राहत नाही. वाऱ्याचा अंदाजही निघण्यापूर्वी पाहा. तिथल्या ग्रॅनाइटच्या चुऱ्यात तंबूच्या खुंट्या नीट रुतत नाहीत. भरलेले पाण्याचे कॅन तंबूच्या चार कोपऱ्यांत आतून ठेवले की तंबू पतंगासारखा उडून जात नाही. उद्यानात पेट्रोल पंप नाही, दुकान नाही. टाकी शहरातच पूर्ण भरून घ्या, आणि फोनमध्ये नकाशा आधी उतरवून घेतला तरी कागदी नकाशा जवळ ठेवा.

एकट्या बाईच्या सुरक्षिततेविषयी तुम्ही विचारले आहे, त्यात वाळवंटापेक्षा माणसांचीच शंका अधिक असणार. कॅम्पग्राउंडवर येणारी बहुतेक माणसे आपल्यासारखीच चुलीपाशी बसायला आलेली असतात. तरीही "एकट्याच आहात का?" असे कुणी विचारले, तर खरे सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही, "आमची माणसे येतील थोड्या वेळात" हे वाक्य तयार ठेवा. शेजारच्या जागेवर एखादे कुटुंब असेल तर पहिल्याच संध्याकाळी दोन शब्द बोलून ठेवा; उद्या संध्याकाळी तुमचा दिवा लागला नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येईल. गाडीचे तोंड रस्त्याकडे असावे, किल्ली रात्री तंबूत नेहमी एकाच जागी असावी, आणि तिच्यावरचे भोंगा वाजवण्याचे बटण अंधारात चाचपून सापडते का ते एकदा पाहावे. एखाद्या माणसाजवळ अस्वस्थ वाटले, तर कारण सापडेपर्यंत थांबू नका. जागा बदलून मागा किंवा निघून जा.

आणि रात्र. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि सहा वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे रात्र तेरा तासांची. एकट्याने गेलेले पुष्कळ लोक सामानाची यादी चोख करतात आणि या तेरा तासांचा विचारच करत नाहीत. मग साडेसहाला जेवून तंबूत शिरतात, आठ वाजता जागे असतात आणि प्रत्येक खसखशीला कान लावून पडून राहतात. तंबूत लवकर शिरू नका. जाड कपडे घालून, गरम काही पीत, बाहेर खुर्चीवर बसा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ दिवा लावू नका, लावायचाच तर लाल. २०१७ साली या उद्यानाला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचे काळोखे आकाश राखणारे उद्यान, म्हणून मान्यता मिळाली आहे. अमावास्येच्या आसपासची तारीख साधली तर त्याचे कारण कळेल. अंधार पडता पडता पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो, मागोमाग रोहिणी येते, आणि नऊच्या सुमारास खडकांच्या कडेवर मृग नक्षत्र आडवे होऊन उगवते. ते पूर्ण वर येईपर्यंत बसायचे ठरवले तर संध्याकाळचा सगळ्यांत अवघड भाग सरलेला असतो.

आवाज येणारच. तंबूपाशी कुरतडल्यासारखे ऐकू आले तर तो बहुधा रानउंदीर, तुमच्या खाण्याच्या वासावर आलेला. म्हणून खाणे, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद ठेवायची. कायोटींची कोल्हेकुई सुरू झाली की दहा-बारा जनावरांनी वेढा घातल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते दोन-तीनच असतात आणि सूर बदलून बदलून ओरडत असतात. माझ्या पहिल्या एकट्या रात्री मला जो आवाज सर्वांत भयंकर वाटला, कुणी तरी पाय घासत तंबूभोवती फिरते आहे असा, तो सकाळी पाहिला तर तंबूच्या सैल दोरीचा निघाला. म्हणून झोपण्याआधी दोऱ्या ताणून घ्या. एवढे करूनही भीती गेली नाही, तर उठून गाडीत झोपा. तुमच्या जागेवर उभ्या असलेल्या गाडीत झोपायला मनाई नाही. आणि तेही जमले नाही, तर ट्वेंटीनाइन पाम्स गाव गाडीने अर्ध्या तासावर आहे, तिथे मोटेलमध्ये खोली घ्या आणि सकाळी परत या. तशी वेळ आलीच तर निघताना पतींना एक संदेश तेवढा पाठवा, कारण कागदावर तुमचा मुक्काम जम्बो रॉक्सला आहे. शक्य असेल तर नोव्हेंबरच्या आधी घराजवळच्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर एक रात्र एकटीने काढून पाहा. तंबू लावण्यातल्या आणि स्वतःच्या स्वभावातल्या अडचणी तिथेच कळतील.

परतीच्या दिवशी निघण्याची घाई करू नका, पण कागदावरची वेळही विसरू नका. ऊन चढलेले असेल तर गाडी सुरू करण्यापूर्वी चाकांखाली एकदा वाकून पाहा. तिथली कासवे सावलीला गाडीखाली येऊन बसतात, आणि त्यांना उचलायचे नसते, आपणहून निघण्याची वाट पाहायची असते. मग उद्यानाच्या दारातून बाहेर पडून फोनला संपर्क मिळाला, की इतर काहीही पाहण्याआधी घरी फोन करा. तीन दिवस तुम्हाला कुणी काही विचारलेले नसेल. घरी मात्र एक माणूस त्या दिवशी सकाळपासून घड्याळातले तीन वाजण्याकडे डोळे लावून बसलेला असेल.